टोपल्यांच्या वर्गाचा विनंती अर्ज

आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रातला बांबूच्या टोपल्यांचा वर्ग बंद पडला, तो माझ्यामुळे. कोणी म्हणतं समितीमुळे, कोणी म्हणतं सचिवांमुळे. पण अर्ज माझ्या हातचा होता, दीड पानाचा, आणि त्यात एकही खाडाखोड नव्हती. शिकवणाऱ्या बाईचं गणित सरळ होतं. वर्ग चालला तर पोरीची दहावी नाशकात होणार, नाही चालला तर पोरीला घेऊन द्राक्षाच्या बागेत कामाला जायचं. हे गणित आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून आम्ही अर्ज केला, आणि तोही तिच्या भल्यासाठी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी उगाच आशेवर राहायला नको.

मी सरकारी कचेरीत चौतीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं कार्यालय अधीक्षक होते. साहेब येत-जात राहिले, पण अवघड पत्र असलं की सगळे एकच म्हणायचे, मॅडमकडून ड्राफ्ट करून घ्या. याचा मला गर्व होता आणि अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी सोसायटीच्या चेअरमनना गच्चीवरच्या टाकीबद्दल तीन पत्रं दिली. तिसऱ्यावर ‘स्मरणपत्र क्रमांक दोन’ असं लिहिलं होतं. आमचे हे म्हणाले, “अगं, तो खालच्या मजल्यावर राहतो. जाऊन सांग ना.” यांना काय कळणार? हे कारखान्यात मशीनवर होते. तिकडे काही बिघडलं की हातात पाना घ्यायचा आणि कामाला लागायचं. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, हे मी चौतीस वर्षं पाहत आले होते.

केंद्र गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आहे. तिथे नाना तऱ्हेचे वर्ग चालतात. मी आधी हार्मोनियमला गेले. तिथले गुरुजी सगळ्यांनाच “वा!” म्हणायचे. माझ्या शेजारचे गृहस्थ तीन महिने एकाच चुकीच्या पट्टीवर बोट ठेवत होते, त्यांनाही “वा!” म्हणजे माझ्या “वा!”ला काय किंमत राहिली? सोडलं. मग मोबाइलचा वर्ग केला. त्यात सगळे एकमेकांना सुप्रभात पाठवायला शिकले, आणि पुढे दोन महिने पहाटे पाचपासून माझा फोन वाजत राहिला. तोही सोडला. गीतापठणाला गेले, तर तिथे शेवटच्या रांगेत भाज्यांच्या भावाची चर्चा. हे म्हणाले, “तुला शिकायचं नाहीच आहे, तुला तपासणीला जायचंय.” मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

टोपल्यांचा वर्ग सुरू झाला तो नवरात्राच्या आधी. केंद्रात एक साहेब येतात, विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. पेठ नाक्याजवळ रस्त्याच्या कडेला एक बाई बांबूच्या परड्या, सुपं, टोपल्या मांडून बसायची, तिच्याकडून त्यांनी परडी घेतली. तिथेच उभ्या उभ्या ती विणताना पाहिली आणि म्हणाले, “आम्हाला शिकवाल का?” तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. साहेब दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी ती हिरव्या बांबूची मोळी घेऊन रिक्षातून केंद्राच्या दारात उतरली.

ती सुरगाण्याकडची. वय पस्तीस-चाळीसच्या मधलं. नवरा आणि सासू पाड्यावर, थोडं भाताचं आणि नागलीचं रान बघायला. ही पोरीला घेऊन पेठ रोडला एका खोलीत राहायची. आमचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने मऊ. त्यांनी मागची पडवी उघडून दिली. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार. बांबू जिन्याखाली, कोयता कॅरमच्या बोर्डांच्या कपाटात. तिला काय द्यायचं ते सचिव चहापाण्याच्या खर्चातून द्यायचे. कुठे ठराव नाही, नोंद नाही, फलकावर नाव नाही. वर्षभर वर्ग असाच चालला, आणि केंद्रातला सगळ्यात चांगला वर्ग तो होता.

ती कधी “वा!” म्हणाली नाही. शिकवायची म्हणजे काय, समोर बसून स्वतःची टोपली विणायची. आपण तिच्या हाताकडे बघायचं. चुकलं की ती उठून यायची, आपली टोपली हातात घ्यायची आणि चुकलं होतं तिथपर्यंत सगळं सोडवून परत मांडीवर ठेवायची. एक शब्द नाही. फार तर “परत.” पहिल्या महिन्यात माझी टोपली तिने किती वेळा सोडवली ते मी मोजायचं सोडून दिलं. चौतीस वर्षांत माझं काम असं कोणी मोडलं नव्हतं. मला भयंकर राग यायचा. आणि मंगळवार कधी येतो असंही व्हायचं.

सगळ्या पुरुषांना ती बाबा म्हणायची आणि बायकांना आजी. एकसष्टाव्या वर्षी आजी! मी एकदा म्हटलं, “अगं, ताई म्हण हवं तर.” ती म्हणाली, “बरं आजी.” विक्रीकरातल्या साहेबांना उभ्या जन्मात कोणी साहेबाशिवाय हाक मारली नव्हती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, “बाई, अभ्यासक्रम काय आहे? म्हणजे किती आठवड्यांत काय पूर्ण होणार?” तिने बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, “आधी बूड. मंग वर. मंग काठ.” साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

बूड म्हणजे टोपलीचा तळ. बांबू कोयत्याने चिरायचा, त्याच्या कामट्या तासून पातळ करायच्या, पाण्यात भिजत घालायच्या आणि मग एकमेकींत अडकवून बूड धरायचं. बूड वाकडं झालं तर पुढे कितीही झटा, टोपली वाकडीच. कामट्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. आमची सगळ्यांची बोटं पहिल्या महिन्यात कापली. आयुष्यभर पेन धरलेले हात, दुसरं काय होणार? एका निवृत्त हेडबाईंच्या अंगठ्यातून रक्त आलं तर त्या घाबरून बसल्या. तिने फडकं गुंडाळलं आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, आता हात शिकंल.” पुढे हेडबाईंचीच टोपली सगळ्यांत आधी उभी राहिली. ती त्यांनी नातीला दिली नाही, स्वतःच्या देवघरात ठेवली.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात एक दिवस ती विणता विणता आपणहून बोलली. एरवी बोलायची नाही. म्हणाली, “छाटण्या चालू झाल्या बागांच्या. आमच्याकडची सगळी खाली उतरली. सकाळचं नाक्यावर पाय ठेवाय जागा नाय.”

मी विचारलं, “तू नाही जात?”

“आधी जायचे की. लहान होते तवापासून. आता हितं वर्ग हाय, तुम्ही लोक टोपल्या बी घेता, तेवढ्यात खोली निभते.” मग थोडं थांबून म्हणाली, “बागेत गेलं का तिथंच शेडमधी ऱ्हावं लागतं, पाच-सहा महिने. पोरगी चौथीत होती तवा एका सालात तीन शाळा झाल्या तिच्या. औंदा दहावी हाय. वर्ग चालला म्हंजे झालं. नाय तर मंग बाग. आन् बागेत गेले तर तिला बी न्यावं लागंल. खोलीत एकटी नाय ठेवायची मी तिला.”

एवढंच बोलली आणि साहेबांची टोपली सोडवायला उठली.

त्या दिवशी ती गेल्यावर साहेब म्हणाले, “हे सगळं हवेत आहे हो. सचिवांची मुदत मार्चमध्ये संपते. उद्या दुसरा आला आणि म्हणाला, ही बाई कोण? काय आधारावर येते? तर काय दाखवणार?” हेडबाई म्हणाल्या, “खरंच की. कागद हवा.” आणखी दोघं-तिघं म्हणाले, कागद हवा. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता विचार करते तेव्हा वाटतं, तिथे एखादा शेतकरी असता, भाजीवाली असती, नाहीतर आमचे हे असते, तर कोणाच्या डोक्यात कागद आला नसता. त्यांनी सचिवांना बाजूला घेऊन सांगितलं असतं, एवढं वर्ष बघा बुवा. पण आम्ही सगळे कचेरीतले. चांगलं चाललेलं काही दिसलं की आमचा जीव घाबरतो. त्याला जावक क्रमांक मिळाला म्हणजे ते खरं झालं, असं आम्हाला वाटतं.

अर्ज लिहायला बसले तेव्हा कळलं की तिचं नावच कोणाला माहीत नाही. वर्षभर मंगळवार-शुक्रवार जिच्या समोर बसलो, तिला आम्ही “अगं” आणि “बाई” म्हणून भागवलं होतं. मला लाज वाटली, हे कबूल करते. पुढच्या शुक्रवारी मी वही उघडून तिला संपूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं आणि विचारलं, “कशाला आजी?”

“अर्ज करतोय समितीला. तुझी रीतसर नेमणूक करा म्हणून.”

“चाललंय ना?”

“चाललंय. पण कायमचं व्हायला नको का?”

ती म्हणाली, “चाललंय तर मंग कागुद कशाला?”

आम्ही हसलो. चांगल्या मनाने हसलो, पण हसलो. साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही टोपल्यांचं बघा, कागदाचं आम्ही बघतो.” तिने आमच्यापैकी एकेकाकडे पाहिलं. मग मान हलवली. तिला काय वाटलं, ते आम्ही विचारलं नाही.

अर्ज मी तीन दिवस लिहिला. इतकं सुख मला निवृत्तीनंतर कशात मिळालं नव्हतं. विषय, संदर्भ, मग मुद्दे एक ते सात. ‘पारंपरिक बांबूकामात पारंगत.’ ‘ज्येष्ठांच्या हाताच्या हालचालींना उपयुक्त.’ ‘केंद्राच्या लौकिकात भर.’ पाचव्या मुद्द्यात मी लिहिलं की, ‘प्रारंभी कोयता व कामट्यांमुळे काही सदस्यांच्या बोटांना किरकोळ इजा झाल्या असल्या, तरी त्यामुळे कोणाचाही उत्साह कमी झालेला नाही.’

हेडबाई वाचून म्हणाल्या, “हे कशाला? काढा ना.”

मी काढलं नाही. नोकरीत नवी होते तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी मला शिकवलं होतं, प्रस्तावातली उणी बाजू आपणच आधी मांडायची, म्हणजे समोरच्याला बोलायला जागा उरत नाही. या एका युक्तीवर मी कितीतरी प्रस्ताव मंजूर करून घेतले होते. हेडबाईंना मी तसं ठासून सांगितलं. सतरा जणांनी सह्या केल्या, नावापुढे निवृत्तीच्या वेळचं पद लिहून. मी अर्ज सचिवांच्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

सचिवांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि खुर्चीत बसले. “अहो मॅडम, हे काय केलंत?”

मला वाटलं कौतुक करतायत.

“झाकली मूठ होती हो,” ते म्हणाले. “मला कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, मागे पडवीत बसतात, काहीतरी विणतात, गप्पा मारतात. आता तुम्हीच लिहून दिलंत. कोयता आहे, रक्त येतं, आणि खाली सतरा सह्या. हा समितीपुढे ठेवावाच लागेल मला.”

मी म्हटलं, “मग ठेवा की. त्यासाठीच दिलाय.” माझा आवाज चढला होता. स्वतःच्या मसुद्यावर मला अजून भरवसा होता.

आठ दिवसांत उत्तर आलं. सरकारी कामाला सहा महिने लागतात म्हणतात, पण नको असलेलं काम कसं झपाट्याने होतं बघा. तीन मुद्दे होते. एक, प्रशिक्षिकेची शैक्षणिक पात्रता व प्रमाणपत्र सादर करावं. दोन, वास्तूत धारदार हत्यार ठेवण्यास परवानगी कोणी दिली याचा खुलासा करावा. तीन, सदस्यांना इजा झाल्याचं अर्जदारांनी स्वतःच नमूद केलं असल्याने, पुढील निर्णय होईपर्यंत वर्ग स्थगित ठेवण्यात येत आहे. उत्तर चांगलं लिहिलेलं होतं. मी लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.

घरी आले आणि यांना वाचून दाखवलं. हे चहा पीत होते. म्हणाले, “हात दाखवून अवलक्षण.” आणि परत पेपर वाचायला लागले. मला इतका राग आला की मी कप उचलून आत नेला, अर्धा चहा त्यात तसाच होता. राग आला, कारण ते खरं होतं.

मंगळवारी मी साडेतीनलाच केंद्रात जाऊन बसले. तिला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते मीच सांगायला हवं होतं. साहेब आले नाहीत. हेडबाईंना बरं नव्हतं. चारला पाच मिनिटं असताना ती आली. पडवीला कुलूप होतं. मी म्हटलं, “वर्ग तात्पुरता स्थगित केलाय समितीने.”

“म्हंजे यायचं का नाय यायचं?”

“सध्या नाही.”

“सध्या म्हंजे?”

एवढी वर्षं मी लोकांना ‘सध्या’, ‘यथावकाश’, ‘विचाराधीन’ असं लिहून कळवत आले. त्याचा अर्थ कोणी समोर उभं राहून विचारला नव्हता. मी म्हटलं, “आम्ही प्रयत्न करतोय. तुझ्याकडे कसलं प्रमाणपत्र आहे का? बांबूकामाचं?”

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाली, “नाय आजी.”

जिन्याखालून तिने बांबू काढले. भिजत घातलेल्या कामट्या बादलीत होत्या, त्यांचं पाणी निथळून तिने त्या फडक्यात बांधल्या. कोयता कपाटात होता. सचिव बिचारे ओशाळून म्हणाले, आता प्रकरण समितीपुढे आहे, तेव्हा कोयता परत दिल्याची पोच घ्यायला हवी. ती पोच मी लिहिली. माझ्याशिवाय कोण लिहिणार होतं? तिने खाली सही केली, एकेक अक्षर जोर देऊन. मग कोयता मोळीत खोचला आणि निघाली. मी रिक्षा करून देते म्हटलं, तर म्हणाली, चालत जाते.

पुढे आम्ही काय केलं? तेच. मी तीन स्मरणपत्रं दिली. साहेबांनी एक इंग्रजीत दिलं. हेडबाईंनी चौकशी करून आणलं की बांबूकामाचं प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी तीन महिने परगावी राहून प्रशिक्षण घ्यावं लागतं. म्हणजे जी आम्हाला शिकवत होती, तिने आधी जाऊन शिकून यायचं! मी म्हटलं, कपाळ माझं. डिसेंबरात पडवीत कागदी फुलांचा वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या मॅडमकडे दोन प्रमाणपत्रं होती. विक्रीकरातले साहेब दोन दिवस गेले आणि यायचे बंद झाले. मी गेले नाही.

संक्रांत झाल्यावर मी यांना म्हटलं, “मला पेठ रोडला घेऊन चला.” यांनी का म्हणून विचारलं नाही. मी एक नवीन अर्ज तयार केला होता, मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना. मुलीची वसतिगृहात सोय करावी, फी माफ करावी, आम्ही काही ज्येष्ठ नागरिक तिच्या परीक्षेपर्यंतची जबाबदारी घ्यायला तयार आहोत, असा. फक्त आईची सही बाकी होती. खरं सांगते, तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला मसुदा होता.

खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, ती तर डिसेंबरातच गेली, दिंडोरीच्या पुढे बाग आहे, तिथं. खोली सोडली. गावाचं नाव तिने सांगितलं. हे म्हणाले, “आलोच आहोत तर जाऊन येऊ.” बुधवार होता, शाळेचा दिवस.

बाग सापडायला दुपार झाली. मांडवाखाली ओळीने बाया उभ्या होत्या आणि घडांना रद्दीचा कागद गुंडाळत होत्या. ऊन लागू नये म्हणून तसं करतात. तिने मला लांबूनच ओळखलं. “आजी! तुम्ही हितं?” यांना म्हणाली, “बाबा, बसा.” आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. ती जराही रागावलेली नव्हती. माझ्या नातवाची चौकशी केली. हेडबाई बऱ्या आहेत का विचारलं.

मी विचारलं, “मुलगी कुठंय?”

तिने हनुवटीने पलीकडे दाखवलं. दोन ओळी सोडून एक मुलगी टाचा उंचावून घडाला कागद लावत होती. आईसारखेच हात, भराभरा चालणारे. तिने एकदा वळून आमच्याकडे पाहिलं आणि पुढच्या घडाकडे गेली.

“शाळा?”

“नाव हाय शाळंत. पुस्तकं आणल्यात. परीक्षेला बसन म्हणती.” मग हळू आवाजात म्हणाली, “रातच्याला शेडमधी लाइट नसती.”

मी पर्स उघडली, अर्ज काढला आणि घाईघाईने सांगायला लागले. वसतिगृह, फी, जबाबदारी, फक्त इथे खाली तुझी सही. पेन उघडून तिच्यापुढे धरलं. तिने लुगड्याला हात पुसले. मला वाटलं आता घेईल. तिने घेतलं नाही.

“आजी,” ती म्हणाली, “तुमचं मन चांगलं हाय. मला ठावं हाय. पण आता माझ्यासाठी काय बी लिवू नका.”

मुकादमाने हाक मारली. ती ओळीत परत गेली.

मी फक्त एवढं कबूल करते की येताना म्हसरूळच्या अलीकडे मला रडू आलं. यांनी गाडी बाजूला घेतली.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली. ती मुलगी बसली की नाही, मला माहीत नाही. शाळेला एक पत्र टाकलं असतं तर कळलं असतं. मी टाकलं नाही.